गृहत्यागाकडून गृहजीवनाकडे : मराठी आत्मकथनांतील धम्माचरण

१

मराठीतील दलित आत्मकथनांची समीक्षा दीर्घकाळ 'वेदना' आणि 'विद्रोह' या दोन संकल्पनांच्या आधारे होत आली आहे. भालचंद्र फडके यांच्या 'दलित साहित्य : वेदना व विद्रोह' (१९७७) या ग्रंथाने ही परिभाषा रूढ केली आणि पुढील अभ्यासकांनी ती कमीअधिक फरकाने स्वीकारली. या परिभाषेचे मोल कोणी नाकारणार नाही. तथापि तिच्यामुळे एक प्रश्न काहीसा मागे पडला. विद्रोहाच्या दुसऱ्या दिवशी काय होते, हा तो प्रश्न होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा एका दिवसात घेता येते. परंतु दुसऱ्या दिवशीही तीच चूल पेटवायची असते, त्याच वस्तीत राहायचे असते, मुलाबाळांची लग्ने करायची असतात आणि गेलेल्या माणसाला निरोप द्यायचा असतो. जुना आचार टाकून दिल्यावर या प्रत्येक प्रसंगी नवा आचार घडवावा लागतो. हा नवा आचार कोणी घडविला, कसा घडविला आणि त्याची झीज कोणी सोसली, याची नोंद इतिहासग्रंथांपेक्षा आत्मकथनांत अधिक सापडते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन आत्मपर ग्रंथांचा विचार केला आहे : धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३). या तिन्ही ग्रंथांना जोडणारा दुवा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाचा आधार घेतला आहे. मराठी आत्मकथनांत बौद्ध आचरणाचे स्थान घराबाहेरून घरात आले आणि त्यामुळे त्या आचरणाची कसोटीही बदलली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही कसोटी ध्यानाची किंवा पांडित्याची नाही. घरातील श्रम आणि घरातील सत्ता यांच्या वाटणीची आहे.

२

आधुनिक मराठीत बुद्धाचा परिचय प्रथम ग्रंथांतून झाला. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे बुद्धचरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले. हेच पुस्तक शालेय वयातील भीमरावांना केळूसकरांनी भेट दिले होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनाही बुद्धाची ओळख प्रथम मराठी वाचनातूनच झाली. परंतु या वाचनाची परिणती त्यांच्या बाबतीत गृहत्यागात झाली. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले आणि प्रव्रज्या घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी भिक्षुजीवनाचा अनुभव घेतला.

'निवेदन' या ग्रंथाची रचना या प्रवासाला अनुसरणारी आहे. धम्म दूर आहे, त्यासाठी वाट तुडवावी लागते, परक्या भाषा शिकाव्या लागतात, उपासमार आणि आजार सहन करावे लागतात, असा या कथनाचा आंतरिक तर्क आहे. घर हे येथे प्रस्थानबिंदू म्हणून येते. मात्र कोसंबी घर पूर्णपणे विसरलेले नाहीत. कुटुंबाविषयीची टोचणी 'निवेदना'त अधूनमधून डोकावते, आणि १९०६ साली चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थजीवनात आणि अध्यापनात परतले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि पुढे मुंबईच्या परळ भागातील कामगारवस्तीत 'बहुजन विहार' उभारण्यात पुढाकार घेतला. हा विहार वस्तीत असावा, हा त्यांचा आग्रह फार सूचक आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात कोसंबी धम्माला सामान्य माणसाच्या दाराशी आणू पाहत होते. तरीही त्यांच्या आत्मकथनाचा साचा शोधयात्रेचाच राहिला, आणि त्यात घरी राहिलेल्या स्त्रीला स्वतःचा आवाज मिळालेला नाही. हा दोष म्हणून सांगावयाचा नाही. ती त्या कथनप्रकाराची मर्यादा आहे.

३

गृहत्यागाच्या या कल्पनेला छेद देणारा विचार मराठी बौद्ध परंपरेतच निर्माण झाला, आणि त्याचा आरंभही कोसंबींपासून करावा लागतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात तपासून पाहिली. 'सुत्तनिपाता'तील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे समाजातील कलहाकडे त्यांनी लक्ष वेधले आणि शाक्य व कोलिय यांच्यातील संघर्षाचा संदर्भ पुढे आणला. डॉ. आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये हाच धागा निर्णायक केला. त्यांच्या कथनात रोहिणी नदीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या युद्धाला सिद्धार्थ विरोध करतो आणि त्या विरोधाची किंमत म्हणून परिव्रज्या स्वीकारतो. यशोधरेला झोपेत सोडून तो निघून जात नाही. तिच्याशी बोलून, तिची संमती घेऊन तो निघतो.

या बदलाचे वाङ्मयीन महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. गृहत्यागाचे कारण संसाराची किळस हे नसेल, तर घर हे बंधन ठरत नाही. मग धम्म घरात राहूनही आचरता येतो. किंबहुना तो घरातच आचरला पाहिजे, असे म्हणण्यास वाट मोकळी होते. याच ग्रंथाच्या पाचव्या खंडात उपासकांच्या विनयाला स्वतंत्र भाग दिलेला आहे. 'दीघनिकाया'तील सिगालोवाद सुत्त हा त्याचा एक प्रमुख आधार होय. सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. बुद्ध त्याला सांगतात की आईवडील, गुरू, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण याच खऱ्या सहा दिशा होत. या सुत्तात कर्मकांड रद्द होत नाही. त्याचे नात्यांतील कर्तव्यांत रूपांतर होते. नित्य आचरण म्हणजे काय, याचे इतके थोडक्यात दिलेले उत्तर क्वचितच आढळेल. पत्नीने पतीसाठी काय करावे एवढेच हे सुत्त सांगत नाही. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये आणि तिला घरातील अधिकार द्यावा, असेही ते स्पष्टपणे सांगते. पुढील विवेचनात या मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागेल.

नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांकडेही याच दृष्टीने पाहता येते. पहिल्या काही प्रतिज्ञा नकाराच्या आहेत : जुन्या देवदेवतांची उपासना नाही, श्राद्ध नाही, पिंडदान नाही, पुरोहिताकरवी संस्कार नाही. त्यानंतर समतेचा स्वीकार येतो, मग अष्टांगिक मार्ग, पारमिता, पंचशीलाशी जुळणारे नियम, आणि प्रज्ञा, शील व करुणा यांची सांगड घालून जगण्याचा संकल्प. या प्रतिज्ञांतील बहुतेक गोष्टी विहारात नव्हे, घरात करावयाच्या किंवा टाळावयाच्या आहेत. त्यांचे भाषिक रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या 'मी'च्या मुखाने उच्चारल्या जातात. ज्या समाजाला शतकानुशतके परक्याच्या तोंडून स्वतःविषयी ऐकावे लागले, त्या समाजातील प्रत्येक स्त्रीपुरुषाला प्रथमपुरुषी एकवचनात बोलण्याचा हा सामुदायिक प्रसंग होता. पुढील दोन-तीन दशकांत मराठीत आत्मकथनांचा जो बहर आला, त्याची पूर्वपीठिका शोधताना या 'मी'चा विचार करणे अगत्याचे आहे.

४

'जिणं आमुचं' या शीर्षकात 'मी'चे 'आमुचं' झाले आहे. बेबी कांबळे यांचा जन्म १९२९ साली वीरगाव येथे झाला आणि त्यांचे पुढील आयुष्य फलटण येथे गेले. त्यांच्या कथनाचा मोठा भाग धर्मांतरापूर्वीच्या महारवाड्याचा आहे. आषाढातील देवकार्ये, अंगात येणाऱ्या बायका, पोतराज म्हणून सोडलेली मुले, उपासतापास, मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके मागून आणणे, हे सारे त्या तपशीलवार सांगतात. या वर्णनांकडे केवळ अंधश्रद्धेचा दस्तऐवज म्हणून पाहणे अपुरे ठरेल. लेखिकेने एक गोष्ट पुनःपुन्हा दाखविली आहे : जुना धर्म पोसण्याचे सर्व कष्ट स्त्रीच्या अंगावर होते. घर सारवणे, नैवेद्य रांधणे, उपास धरणे, नवस फेडणे ही तिची कामे होती. शिवाय अंगात येण्याच्या थोड्या घटकांतच काय तो तिच्या शब्दाला मान मिळत असे. कोवळ्या वयात नांदायला आलेल्या सुनेला पहाटेपूर्वी उठून भाकऱ्या थापाव्या लागत आणि सासुरवासाची परिसीमा नाक कापण्यापर्यंत जाई. हे सांगताना लेखिका आपल्या माणसांना पाठीशी घालत नाही.

या पार्श्वभूमीवर आचरणातील बदलाचा अर्थ स्पष्ट होतो. हा बदल १९५६ साली अकस्मात सुरू झालेला नाही. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथेच स्त्रियांना राहणी व पोशाख बदलण्याविषयी सांगितले. 'जिणं आमुचं' मध्ये जेजुरी येथील भाषणाचा प्रसंग आहे. खंडोबाच्या क्षेत्री जमलेल्या समाजाला मुले शिकवा आणि मृत मांस सोडा, हा उपदेश तेथे होतो आणि वस्तीत परतल्यावर त्यावर चर्चा झडते. या प्रसंगाचे मर्म असे की उपदेश सभेत झाला, परंतु तो अमलात आणण्याची जागा स्वयंपाकघर होती. मृत मांस सोडणे म्हणजे अभावाच्या दिवसांत हाती असलेले अन्न नाकारणे. आणि मग मुलांच्या पोटात काय घालायचे, हा प्रश्न भाषण ऐकणाऱ्या पुरुषापुढे नव्हे, चुलीपुढे बसलेल्या बाईपुढे उभा राहतो. शीलाची पहिली किंमत तिने भुकेच्या रूपाने मोजली. पुढे दीक्षेने याच नकाराला धम्माचे नाव आणि अधिष्ठान दिले.

ग्रंथाच्या उत्तरार्धात लेखिकेचा सूर बदलतो. शिकून नोकरीस लागलेली, शहरात स्थिरावलेली आणि मागे राहिलेल्यांना विसरलेली माणसे तिच्या टीकेचा विषय होतात. काही समीक्षकांना या भागात बोधवादी आवाज चढलेला जाणवतो. धम्माचरणाच्या दृष्टीने मात्र हाच भाग पूर्वार्धाची तार्किक परिणती आहे. शील म्हणजे वैयक्तिक शुचिता एवढाच अर्थ घेतला, तर सुस्थित, निर्व्यसनी, नियमित वंदना करणाऱ्या गृहस्थाला दोष देता येणार नाही. बेबी कांबळे त्याला दोष देतात. कारण त्यांच्या लेखी शील हे समाजाचे ऋण आहे. प्रज्ञा आणि शील यांना करुणेची जोड मिळाली नाही, तर बावीस प्रतिज्ञांतील सांगड तुटते, हा त्यांच्या रागाचा आशय आहे.

५

टाकलेल्या आचाराच्या जागी काय आले, याचा शोध घेताना छापील आत्मकथनांबरोबर मौखिक आणि सामुदायिक वाचनाच्या रूपांकडेही पाहावे लागते. आत्मकथन लिहू न शकलेल्या स्त्रियांचे धम्माचरण तेथे दिसते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात भीमराव, बुद्ध आणि धर्मांतर यांवरील ओव्याही आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात त्या विपुल मिळाल्या. ओवीचा बांधा तोच, दळण्याचा वेळ तोच, परंतु ज्याला आळवायचे तो देव नाही, माणूस आहे. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. तेव्हा हा आशय भीमगीतांत आणि जलशांत वाहत राहिला. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोकशाहिरांची गाणी लग्नाच्या मांडवातही म्हटली जाऊ लागली, ती याच गरजेतून.

दुसरे रूप वर्षावासातील ग्रंथवाचनाचे आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत व घरांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या मराठी भाषांतराचे क्रमशः वाचन होते. खेड्यांत चातुर्मासात होणाऱ्या 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'नवनाथ भक्तिसार' यांसारख्या पोथ्यांच्या वाचनाशी या प्रथेचे साम्य उघड आहे. ऋतू तोच, एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे ही पद्धत तीच. परंतु भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ऐकणाऱ्याला संतती, संपत्ती, आरोग्य यांचे आश्वासन मिळते. डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथाला फलश्रुती नाही. त्यातील क्रमांकित, छोटी विधाने एकेक करून वाचावीत आणि त्यांवर बोलावे, अशी त्याची घडण आहे. श्रवणाचे पुण्य गाठीला बांधण्याऐवजी श्रोत्याने प्रश्न विचारावा, ही अपेक्षा त्या घडणीतच आहे. ती सर्वत्र पूर्ण होते असे नाही. जेथे ग्रंथाची केवळ पूजा होते, तेथे जुनी पोथीच नव्या वेष्टनात परतते. परिचित आकृतिबंध ठेवून आशय पालटणे यात सोय आहे तसा धोकाही आहे. नित्य आचरणाच्या प्रत्येक रूपाला तो सोबत करतो.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः 'बौद्ध पूजापाठ' संकलित केला होता. नकारानंतरची पोकळी माणसाला फार काळ सोसत नाही, हे त्यांनी ओळखले होते, असे यावरून म्हणता येते. त्रिशरण-पंचशील, नामकरण, मंगलपरिणय, पुण्यानुमोदन या साध्या विधींमुळे आयुष्यातील वळणांवर उभे राहावयास जागा मिळाली. हे विधी बौद्धाचार्य चालवितो. तो जन्माने ठरत नाही, समाजातूनच प्रशिक्षण घेऊन पुढे येतो. रोजच्या जगण्यातील संस्थात्मक बदल म्हणून ही गोष्ट लहान नाही.

६

या सर्व विवेचनात एक प्रश्न उरतो आणि तो टाळता येणार नाही. धम्म घरात आला. पण घरातील सत्तेची रचना त्याने किती बदलली? 'जिणं आमुचं' हे पुस्तक बेबी कांबळे यांनी घरातल्यांच्या नकळत लिहिले आणि हस्तलिखित सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरासोबत (२००८) प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी ही हकिकत, तसेच पतीकडून सोसाव्या लागलेल्या त्रासाची हकिकत सांगितली. मूळ आत्मकथनात मात्र स्वतःच्या संसाराविषयी त्या जवळजवळ मौन पाळतात. 'आमुचं' या शब्दाने समाजाला वाचा दिली, परंतु त्याच शब्दाने 'माझं' काही झाकूनही ठेवले. हे मौन केवळ लेखिकेचा संकोच नव्हे. ज्या चळवळीने आपल्याला माणूसपण दिले, तिच्यातील माणसांविषयी परक्यांपुढे बोलावे की नाही, हा नैतिक पेच त्यामागे आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात दलित स्त्रियांची आत्मकथने जात आणि लिंगभाव यांच्या एकत्रित साक्षी म्हणून वाचली. त्या वाचनात या पेचाची दखल घेण्यास जागा मिळते.

उर्मिला पवार यांनी 'आयदान' मध्ये हे मौन बऱ्याच अंशी सोडले. कोकणात बांबूच्या टोपल्या-सुपे विणून मुलांना वाढविणारी आई, आणि त्या विणीशी नाते सांगणारे लेखिकेचे लेखन, ही या ग्रंथाची मध्यवर्ती प्रतिमा आहे. लेखिकेचे उच्च शिक्षण, सभा-संमेलने आणि लेखन यांना घरातून झालेला विरोध त्या स्पष्टपणे मांडतात. हा विरोध करणारा पतीही त्याच चळवळीच्या संस्कारात वाढलेला, त्याच प्रतिज्ञा मानणारा आहे. म्हणून हे चित्रण अस्वस्थ करते. तत्पूर्वी मीनाक्षी मून यांच्यासह सिद्ध केलेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. घर सांभाळून सभेला जाणाऱ्या आणि सभेतून परतून पुन्हा घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचा तो इतिहास आहे. 'आयदान' हे त्या संशोधनाचे आत्मपर रूप मानता येईल.

येथे सिगालोवाद सुत्ताचे स्मरण होते. पत्नीचा मान राखणे आणि तिला अधिकार देणे हे पतीचे कर्तव्य त्या सुत्तात सांगितले आहे, आणि आंबेडकरांनी ते उपासकांच्या विनयात समाविष्ट केले आहे. म्हणजे उर्मिला पवार धम्माबाहेरची एखादी कसोटी आणून आपल्या घराला लावीत नाहीत. धम्माने स्वीकारलेली कसोटीच त्या घराला लावतात. 'आयदान' वर आलेल्या नाराजीच्या प्रतिक्रियांत ही गोष्ट नजरेआड झाली. घरातील विषमतेविषयी बोलणे म्हणजे चळवळीचा अवमान असे मानणाऱ्यांनी शील ही घराबाहेर मिरवायची गोष्ट मानली होती, असे खेदाने म्हणावे लागते.

७

कोसंबींपासून उर्मिला पवारांपर्यंतच्या या वाटचालीतून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की मराठी आत्मकथनांत बौद्ध आचरणाची दोन प्रारूपे आहेत : धम्माच्या शोधात घर सोडणारे आणि धम्मासाठी घर बदलणारे. त्यांच्यामधील दुवा आंबेडकरांच्या गृहत्यागविषयक पुनर्मांडणीत आहे, आणि त्या पुनर्मांडणीची बीजे कोसंबींच्याच संशोधनात आहेत. म्हणून या दोन प्रारूपांना एकमेकांच्या विरोधात उभे करणे योग्य नव्हे. दुसरा निष्कर्ष असा की दुसऱ्या प्रारूपात आचरणाचा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला. अन्न, सण, संस्कार, गाणी आणि मुलांचे शिक्षण या मार्गांनी त्यांनी दीक्षेला रोजच्या जगण्यात उतरविले. तिसरा निष्कर्ष समीक्षेविषयी आहे. वेदना आणि विद्रोह यांच्या जोडीला 'आचरण' ही संकल्पना घेतल्याशिवाय या ग्रंथांतील मोठा आशय अबोल राहतो.

महाविद्यालयीन अध्यापनात ही आत्मकथने बहुधा जातिव्यवस्थेच्या क्रौर्याचे पुरावे म्हणून शिकविली जातात. विद्यार्थी हळहळतात आणि पुस्तक मिटते. त्याऐवजी 'या घरात काय टाकले गेले, त्याच्या जागी काय आले आणि ते कोणाच्या कष्टाने आले?' असे तीन प्रश्न विचारून वाचन केले, तर या कथनांतील माणसे केवळ अन्यायाचे बळी म्हणून समोर येत नाहीत. आपल्या रोजच्या जगण्याचा नवा नियम रचणारी, त्यात कमी पडणारी आणि ते कमी पडणे नोंदविणारी माणसे म्हणून ती दिसू लागतात. अत्याचाराच्या नोंदीइतकीच ही नोंदही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मोलाची आहे.